कुंपणापर्यंतची एकतीस पावलं

मिडवे, केंटकी
१६ मार्च १९५८

ती. ओपलमावशीस,
शि. सा. न. वि. वि. आणि पत्र संपेपर्यंत रागवायचं नाही, ही सगळ्यात वि.

दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगतो. मी कॉलेज सोडलं. दीड वर्षात शेतीचं, गवताचं जे शिकवलं तेच पुढची अडीच वर्षं मोठ्या पुस्तकांतून शिकवणार होते. गेल्या महिन्यात प्राध्यापकांनी भर वर्गात विचारलं की कॉम्ब्स, आज खिडकीबाहेर कोण उभं आहे, आणि झाडून सगळे हसले. मी दौत टेबलावर आपटली. ती फुटली. शाई त्यांच्या शर्टावर उडाली हा माझा दोष नाही, ते फार जवळ उभे होते. माफी मागायला सांगितली, मी मागितली नाही. झालं.

खिडकीबाहेर कोण ते तुला ठाऊक आहे. रोवेना. गेल्या वर्षी मी चार-चार पानं तिच्यावरच भरायचो आणि तू लिहायचीस की पोरीच्या डोळ्यांचा रंग समजला, आता तुझा खोकला कसा आहे तेवढं कळव. मावशी, गेल्या नोव्हेंबरच्या चौदा तारखेपासून रोवेना कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही. पहाटे घरातून निघाली, समोरच्या हिरवळीवरून रस्त्याच्या कुंपणापर्यंत गेली आणि तिथून पुढे काहीच नाही. शेरीफनं दोन तळी उपसली, बसच्या ड्रायव्हरांना फोटो दाखवले, मग तोही थकला.

तर मी आता तिच्याच घरी कामाला लागलोय. तिची आई, मिसेस आयडेला प्रुइट, विधवा आहेत, एकट्याच राहतात. हिरवळ सांभाळायला माणूस हवा अशी त्यांची चिठ्ठी किराणा दुकानात लागली होती. मी रोवेनाला ओळखतो हे त्यांना माहीत नाही. आमच्या भेटी लेक्सिंग्टनला, ती टायपिंग शिकायला यायची तेव्हाच्या. ती कुठेही असो, परत येईल ती याच फाटकातून. त्या वेळी मी इथे असेन. यापुढे मला काही नको.

काम सोपं नाही हं. पाऊण एकर नुसतं ब्लूग्रास, मिस्टर प्रुइटनी एकोणीस साली स्वतः पेरलेलं. मार्चमध्ये दाताळ्यानं मेलेली पाती ओढून काढायची, पहिली कापणी जरा खालून द्यायची, म्हणजे ऊन बुडख्यापर्यंत पोचतं. पण बाईंची पहिली अट ऐक. पायरीपासून कुंपणापर्यंत गवतात पावलं उमटली आहेत. चित्रात काढल्यासारखी, वाळक्या पेंढ्याच्या रंगाची. त्यांच्यावर दाताळं फिरवायचं नाही.

ती कशी उमटतात ते सांगतो. दव गोठून पांढरं झालेलं असताना गवतावर पाय पडला की पातं आतून तुटतं. त्या दिवशी काही दिसत नाही. दोन दिवसांनी बुटाच्या आकाराचा डाग पडतो, आणि थंडीत गवत वाढत नाही, त्यामुळे तो वसंतापर्यंत राहतो. मी मोजली. एकतीस पावलं. शेवटी कुंपणाच्या खांबापाशी परातीएवढा डाग, आणि त्याच्या बाजूला एक चौकोन, बॅग टेकवली असावी तसा. सगळी बाहेर जाणारी. मी पहिल्या पावलाशेजारी उकिडवा बसलो आणि बराच वेळ उठलो नाही.

खोकला बरा आहे. लोभ आहे तेवढा राहू दे, या पत्रानं आटवू नकोस.

तुझा,
लोवेल

*

पर्व्हिस क्रीक
२९ मार्च १९५८

चि. लोवेल यास अ. उ. आ., आणि एक धपाटा, तो भेटीत देईन.

पत्र संपेपर्यंत रागावले नाही. संपल्यावर कोंबड्यांवर ओरडले, त्या बिचाऱ्यांनी दोन दिवस अंडी दिली नाहीत. दौतीचे पैसे भरलेस का ते लिहिलं नाहीस, म्हणजे भरले नसशील. तुझ्या आईनं मरताना तुला माझ्या ओटीत टाकलं तेव्हा तू पाच वर्षांचा होतास आणि तेव्हाही हातात काहीतरी फोडलेलं होतं.

पोरीचं ऐकून जीव गलबलला. कुणाच्याही आईवर ही वेळ येऊ नये. पण लोवेल, ज्या घरात एवढं दुःख आहे तिथे खोटं तोंड घेऊन राहणं बरं नव्हे. मी तुझ्या लेकीचा मित्र, एवढं सांगायला काय झालं होतं?

आणि गवत राखायला माणसाला पगार देतात हे मी इथे चर्चमध्ये सांगितलं तेव्हा सगळ्या बाया पोट धरून हसल्या. आमच्या डोंगरात अंगणात काडी उगवली तर शेजारीण नाव ठेवते. खराट्यानं झाडून झाडून माती तव्यासारखी होते, साप लांबून दिसतो. मी संध्याकाळी अंगण झाडते आणि सकाळी मातीवर बघून सांगते, कोण आलं, कोण दाराशी थबकून परत गेलं. मग खराटा फिरवते. पावलं वाचायची आणि पुसायची. ठेवून द्यायची नसतात, बाळा. ती बाई ठेवतेय हे मला बरं वाटलं नाही.

राजमा शिजवला की तुझी आठवण येते. इकडे कधी येतोस?

आशीर्वाद भरपूर, अक्कल तुझी तू मिळव.
ओपलमावशी

*

मिडवे
२७ एप्रिल १९५८

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि., आज घाईघाईत लिहितोय म्हणून अक्षर असं, प्यायलेलो नाही.

ती येते. रोवेना येते, मावशी.

ऐक नीट. एप्रिल उजाडला, गवत सरसर वाढायला लागलं, मी अडीच इंचांवर दोनदा कापलं. म्हणजे नोव्हेंबरची वाळकी पाती केव्हाच कापली जाऊन पावलं पुसायला हवी होती. पुसत आलीही होती. मग गेल्या मंगळवारी अवचित गारठा पडला, सकाळी सगळं पांढरं. आणि गुरुवारी पावलं परत आली. ताजी. त्याच जागी, तेवढीच एकतीस, तोच खांब, तोच बॅगेचा चौकोन. बायकी बूट, अरुंद, टाचेची अर्धी चकती. हा बूट मी ओळखतो. लेक्सिंग्टनला तिच्याबरोबर दुकानात जाऊन मीच पसंत केला होता.

फक्त एक गोष्ट कळत नाही. पावलं बाहेरच जातात. आत येणारं एकही नाही. घरात शिरते कुठून?

बाईंना मी काही बोललो नाही. त्या पायरीवर कॉफी पीत उभ्या होत्या, पावलांकडे बघत होत्या आणि मला वाटलं, चेहऱ्यावर समाधान होतं. जेवून झाल्यावर आपण ताट धुऊन पालथं घालतो ना, तसं. मला म्हणाल्या की यंत्र त्या बाजूनं नेताना चाकं जरा जपून ने.

काल पेट्रोलपंपावर एक जण म्हणाला की प्रुइटची पोरगी कुठल्यातरी फिरत्या विक्रेत्याबरोबर पळाली असणार. त्याचा ओठ फुटला. मला कामावरून काढायला हवं होतं म्हणतात, पण बाईंनी निरोप पाठवला की मुलगा माझ्याकडेच राहील. त्यांना माझ्याबद्दल एवढं का वाटावं?

आता मी अवजारांच्या खोलीत झोपतो. खिडकीतून पूर्ण हिरवळ दिसते. पुढची पांढरी सकाळ आली की मी जागा असेन.

तुझा लोभ पाठीशी असू दे, बाकी सगळं आता होणारच आहे.
लोवेल

*

पर्व्हिस क्रीक
८ मे १९५८

चि. लोवेल यास अ. उ. आ.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा चूल विझली. रागावू नकोस, पण जन्मभर मी पावलंच वाचत आले आहे, म्हणून सांगते. जो आत येताना दिसत नाही आणि फक्त बाहेर जाताना दिसतो, तो घरातलाच असतो.

घरात कोण कोण आहे ते मोज. माझ्या हिशेबानं दोघंच. तू लहानपणी झोपेत उठून कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत जायचास, पण बायकी बुटात तुझा पाय जाणार नाही.

नोकरी सोड आणि ये. इथे खाणीच्या ऑफिसात लिहिणारा माणूस हवा आहे. हात मात्र खिशात ठेवावे लागतील.

तू उत्तर देईपर्यंत माझं ध्यान तिकडेच.
ओपलमावशी

*

मिडवे
२० जुलै १९५८

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि. दोन महिने लिहिलं नाही, त्याची शिक्षा म्हणून हे सगळं सांगतो.

तुझं मे महिन्याचं पत्र मी फाडलं होतं. मग तुकडे परत गोळा केले.

एप्रिलनंतर पांढरी सकाळ आलीच नाही. गवताला तुरे आले. दोन आठवडे सगळी हिरवळ खरोखर निळसर दिसते, म्हणून तर नाव. मी तीन इंचांवर ठेवलं, मुळं खाणारी हुमणी लागली का ते चार जागी खणून बघितलं. पावलं भरून आली. ब्लूग्रासचं असंच असतं, जमिनीखालून आडवी मुळं धावतात आणि रिकामी जागा बुजवून टाकतात. महिन्याभरात कुठे काय होतं ते सांगताही येईना. आणि बाईंनी जेवण टाकलं. मक्याचा पाव करायच्या, माझ्यापुढे ठेवायच्या आणि स्वतः खिडकीशी जाऊन बसायच्या. एकदा म्हणाल्या की तुझं गवत फार लवकर विसरतं.

जूनच्या शेवटी पाऊस थांबला. अशा वेळी हिरवळ झोपते. वरून मेल्यासारखी तपकिरी होते, पण बुडखा जिवंत असतो, सप्टेंबरात उठते. एकच नियम: झोपली की झोपू द्यायचं. अर्धवट पाणी देऊन जागं केलं तर अंगातली शिल्लक त्या चार पात्यांवर उधळते, मग ऊन तिला खरोखर मारतं. मी नळाची रबरी नळी गुंडाळून ठेवली आणि बाईंना समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

दहा दिवसांपूर्वी तपकिरी हिरवळीवर हिरवी पावलं उठली. एकतीस. पायरीपासून खांबापर्यंत, मेलेल्या गवतात पोपटी, ओली. मी खोलीबाहेर उभा होतो आणि मला मागे सरावंसं वाटलं, पण मागे भिंत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी बघितलं. बाई कॉफीची किटली घेऊन चालत होत्या. एकेका पावलावर एकेक कपभर पाणी. अंगात रोवेनाचा तपकिरी कोट, त्या उन्हाळ्यात. पायात तिचे बूट. रोवेनानं दोन जोड घेतले होते, एक घरीच राहिला होता. खांबापाशी पोचल्या, रिकामी बॅग टेकवली आणि उभ्या राहिल्या. पाय बदलत, हात चोळत, थंडी वाजत असल्यासारख्या. रस्त्याकडे डोळे. परतताना कडेच्या खडीच्या वाटेनं आल्या, म्हणून परतीची पावलं कधी नसतात.

तू बरोबर होतीस. मी त्यांना गाठलं. त्या दचकल्या नाहीत. म्हणाल्या की हिवाळ्यात प्रत्येक पांढऱ्या सकाळी चालते, पावलात पाऊल टाकून. तिचं शेवटचं एवढंच माझ्याकडे आहे, ते पण पुसू देऊ? मग शांतपणे मला विचारलं की तू कॉलेजात गवताचं शिकलास, तर सांग, गोठलेल्या गवतावर माणूस किती वेळ उभा राहिला तर ते मुळापर्यंत जळतं? मी सांगितलं, तासाहून जास्त. त्या म्हणाल्या, मीही वेळ तेवढाच धरला होता. माझी मुलगी तासभर कुणाची तरी वाट बघत होती. तो कोण एवढं कळलं की मी झोपेन.

मी खोलीत जाऊन यंत्राच्या पात्याला धार लावत बसलो. दुपारपर्यंत लावत होतो. पातं कागदासारखं झालं.

लोभ असू दे म्हणायचा मला आज अधिकार नाही.
लोवेल

*

पर्व्हिस क्रीक
२ ऑगस्ट १९५८

चि. लोवेल यास आ.

शेंगा वाळत घालायच्या आहेत, पण आधी हे. एकच विचारते आणि सरळ उत्तर पाहिजे.

ती पोर कुणाची वाट बघत होती?

मावशी

*

मिडवे
३० ऑगस्ट १९५८

ती. मावशीस, शि. सा. न.

माझी.

आम्ही शेजारच्या जिल्ह्याच्या कोर्टात लग्न करणार होतो. ती पहाटे सहाला कुंपणापाशी येणार, मी उसनी गाडी घेऊन येणार. आदल्या संध्याकाळी लेक्सिंग्टनच्या चर्चमधल्या जेवणाला ती कुठल्यातरी लांबच्या आतेभावाशी हसून बोलली. नुसती बोलली. मी तिला बाहेर नेऊन नको ते बोललो. ती म्हणाली की लोवेल, प्रत्येक गोष्टीला तू असा पेटलास तर आपण संसार कशावर मांडायचा? तरीही मी सहाला येईन, असं म्हणाली. तरीही, हा शब्द मला झोंबला.

पहाटे गजर झाला. मी कोट घातला, बूट घातले आणि खाटेवर बसून राहिलो. ठरवलं की हिलाही कळू दे वाट बघणं कसं असतं. तासभर. किल्ली हातात होती, मावशी. घड्याळ समोर होतं. मला आनंद होत होता.

साडेसातला पोचलो. कुणी नव्हतं. पांढऱ्या हिरवळीवर काळसर पावलं खांबापर्यंत आलेली. मला वाटलं, रुसून खडीच्या वाटेनं घरात परत गेली. तेही मला आवडलं. गाडी वळवली आणि वर्गात जाऊन बसलो. चार दिवसांनी पेपरात फोटो बघितला.

आता तुला कळलं की मी इथे का आहे. ती परत यावी म्हणून, हे खोटं नाही. पण ती आली की पहिला मी दिसावा, दुसऱ्या कुणी तिला विचारायच्या आत, हे जास्त खरं आहे. बाई रोज ते पाणी घालतात आणि मी रोज किटली भरून देतो. त्यांनी सांगितलं, मी नाही म्हणू शकलो नाही.

लोवेल

*

पर्व्हिस क्रीक
१० सप्टेंबर १९५८

चि. लोवेल यास अनेक उत्तम आशीर्वाद, पूर्ण लिहिते, आज अर्धवट शब्द नकोत.

रात्रभर विचार केला. तू त्या मुलीला मारलं नाहीस. तू तिला थंडीत उभं ठेवलंस. दोन्हीत फरक आहे, आणि फरक आहे म्हणून दुसरं लहान होत नाही.

दोन कामं कर. त्या आईला सांग. तिनं तोंडावर थुंकलं तर पुसून घे. शेरीफला बोलावलं तर जा. आणि मग इथे ये, तुझी खोली आहे तशी आहे, गादी उन्हात टाकली आहे. सांगितल्यावर एक दिवससुद्धा तिथे राहू नकोस, माझी शपथ. एकटी बाई आणि तिचं एवढं मोठं दुःख, त्यात माणूस बुडतो. तुझा स्वभाव मी जाणते. तू आधी दौत फोडतोस आणि मग जन्मभर शाई पुसत बसतोस.

ओल्या डोळ्यांनी पण ठाम हातानं,
ओपलमावशी

*

मिडवे
१९ ऑक्टोबर १९५८

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि. अजून सांगितलं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

सप्टेंबर हा इथला खरा वसंत. हिरवळ उठली, मी मुळांना हवा मिळावी म्हणून बागेच्या काट्यानं पावणेदोनशे फूट लांबीला भोकं पाडली, खत टाकलं, विरळ जागी बी फेकलं. उठली नाहीत ती फक्त पावलं. उन्हाळाभर अर्धवट पाण्यावर जागी ठेवलेली, ती मेली. नुसती माती, एकतीस तळव्यांची. बाईंनी बजावलं की तिथे बी टाकायचं नाही. आता ती पुसली जाणार नाहीत, कायमची झाली, असं समाधानानं म्हणाल्या.

मला ते सहन होईना. एका दुपारी त्या दुकानात गेल्या आणि मी रागारागानं प्रत्येक पावलात चिमूट चिमूट बी दाबलं, वर कुजलेला पाला भुरभुरला. वाटलं, हिवाळ्याआधी भरून निघेल, बाई चिडतील, मला हाकलतील आणि सुटेन.

ब्लूग्रासचं बी आळशी असतं, तीन आठवडे काही नाही. गेल्या रविवारी चर्चहून परतताना बाई पायरीवर थांबल्या. पावलांत लव उगवली होती. तान्ह्या मुलाच्या जावळासारखी, इतकी बारीक की फक्त तिरप्या उन्हात दिसावी. त्या गुडघ्यांवर बसल्या. मी शिव्यांची वाट बघत होतो. त्यांनी पहिल्या पावलावर तळहात फिरवला, मग दुसऱ्यावर, अशा गुडघ्यांवर सरकत खांबापर्यंत गेल्या. मला हळूच बोलावलं आणि म्हणाल्या की बघ, यायला लागली. पायांपासून येतेय.

परवा त्यांनी रोवेनाच्या पलंगावर धुतलेली चादर घातली.

चौदा नोव्हेंबरला सांगतो. त्याआधी तोंड उघडत नाही, का ते माझं मलाच कळत नाही. चौदाला सकाळी सांगेन आणि दुपारच्या बसनं निघेन. शपथ पाळतो.

तोवर लोभाची ऊब धरून ठेव, इथे गारठा सुरू झालाय.
लोवेल

*

पर्व्हिस क्रीक
२४ नोव्हेंबर १९५८

चि. लोवेल यास अ. उ. आ.

चौदा गेली. बसच्या थांब्यावर तीन दिवस जाऊन उभी राहिले. ड्रायव्हर आता मला नावानं ओळखतो आणि खाली उतरण्याआधीच मान हलवतो. सांगितलंस का? तिनं काय केलं? अटकेत असशील तर तसं लिही, मी वकिलाला भेटेन, घराण्यात पहिलाच नसशील.

गुरुवारी थँक्सगिव्हिंग आहे. टर्की नाही परवडली, मोठी कोंबडी कापणार आहे. तुझं ताट मांडते.

दोन ओळी टाक, बाळा. एक ओळ टाक.
ओपलमावशी

*

मिडवे
७ डिसेंबर १९५८

श्रीमती ओपल स्टॅम्पर यांस,
स. न. वि. वि. आपली ओळख नाही, तरी आपली पत्रं लोवेलच्या खोलीत नीट दोऱ्यानं बांधलेली आहेत, म्हणून परकेपणा वाटत नाही.

आपण काळजीत असाल. मुलगा सुखरूप आहे. खोकला आहे, त्यावर मध आणि आलं देते. हिरवळीचं सगळं काम वेळेवर झालं. पानं ओढून झाली, शेवटची कापणी दोन इंचांवर केली, हिवाळ्याचं खत थँक्सगिव्हिंगच्या आधी पडलं. माझे यजमान असते तर त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला असता.

चौदा तारखेला त्यानं मला सांगितलं. उभा राहून, टोपी हातात घेऊन, सगळं. मी ओरडले नाही. शेरीफकडेही गेले नाही. शेरीफ त्याला घेऊन गेला असता, मग मला काय राहिलं असतं? मी त्याला फक्त एवढं विचारलं की तू त्या दिवशी किती वाजता आलास. तो म्हणाला, साडेसातला. मी म्हटलं, मग आता सहाला येत जा.

दुसरी काहीही मागणी मी केली नाही. बॅग भरलेली होती, बसचं तिकीट खिशात होतं. तो जाऊ शकला असता.

आता दव गोठतं त्या प्रत्येक सकाळी तो माझ्या यजमानांची गाडी कुंपणाबाहेर आणून उभी करतो. इंजीन चालू, दिवे बंद. मी तिचा कोट घालते, बूट घालते, बॅग घेते. कोवळं गवत उगवलं होतं ते पहिल्याच गोठलेल्या सकाळी गेलं, मला त्याचं वाईट वाटलं नाही. ते तेवढ्यासाठीच आलं होतं. सुरुवातीला मी खांबापाशी पोचले की तो स्वतःच्या हातांकडे बघत बसायचा आणि मला तासभर उभं राहावं लागायचं. मग एके दिवशी त्यानं खाली उतरून दार उघडलं. तेव्हापासून आम्ही शेजारच्या जिल्ह्याच्या कोर्टापर्यंत जातो. ते नऊला उघडतं. आम्ही पायऱ्यांसमोर गाडीतच बसतो, उघडेपर्यंत. मग घरी येऊन मी अंडी तळते. तो पोटभर खातो. रागीट मुलगा आहे असं आपण लिहिलं आहे, पण माझ्याकडे त्यानं अजून आवाज चढवलेला नाही.

नाताळला त्याला पाठवा असं आपण म्हणाल. जमणार नाही. हवामान खात्याचा अंदाज कोरड्या गारठ्याचा आहे, मार्चपर्यंत.

काल त्यानं दार उघडलं आणि मला रोवेना म्हणून हाक मारली. मी ओ दिली. म्हटलं, आज अगदी वेळेवर आलास.

माझ्यावर आपला लोभ असावा अशी अपेक्षा नाही. त्याच्यावर आहे, तो दुरूनच असू द्यावा.

आपली,
आयडेला प्रुइट